विक्रीची शिकाऊ उमेदवारी : घाटाखालचा धडा



या अंकात माझ्याकडून पाचटावर किंवा हुमणीवर लेख येणार अशी आपली अपेक्षा असेल. तो पुढच्या अंकात देतो. यावेळी विषय थोडा वेगळा आहे, पण तो सुचला शिवारातच. लावणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना गेली काही वर्षे उसाच्या वजनाइतकाच एक प्रश्न मला विचारला जातो, "साहेब, पोरगं बारावी झालंय. पुढं काय करावं?" जमीन अडीच एकर, वाटेकरी दोघे भाऊ, उसाची नोंद एकरभराची. अशा घरातल्या मुलासाठी पोलीस भरती, आय.टी.आय. आणि कारखान्यात चिटबॉयची जागा, एवढ्याच वाटा माहीत असतात. विक्रीच्या कामाचे नाव काढले की वडील खट्टू होतात. गळ्यात टाय, खांद्याला बॅग, उन्हातान्हात दारोदार फिरणारा आणि दारातूनच हाकलला जाणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

तसा मुलगा असतो, हे मी नाकारत नाही. एक तर माझ्या नात्यातलाच आहे, त्याची हकिगत पुढे सांगतो. परंतु विक्रीचे काम शिकण्याचा दुसराही मार्ग आहे. लेखी करार करून, महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन घेऊन, सरकारी नोंदीत राहून हे काम शिकता येते. त्याला शिकाऊ उमेदवारी म्हणतात. फिटर-वेल्डरची शिकाऊ उमेदवारी आपल्याला ठाऊक आहे. विक्रीचीही असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. या दोन मार्गांतला फरक न कळल्यामुळे मुलांची उमेदीची वर्षे कशी जातात, ते मी घाटाखाली कर्जत-खालापूर भागात पाहिले.

भाताचा मुलूख, विक्रीचा बाजार

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर खालापूर तालुक्यात आहे, त्यामुळे त्या भागात माझे जाणे-येणे जुने. बोरघाटाच्या पायथ्याचे हे दोन तालुके. जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड. ऊस तिकडे नाही, सगळा भाताचा मुलूख. कर्जतला भात संशोधन केंद्र १९१९ पासून आहे आणि 'कर्जत ३', 'कर्जत ७' हे वाण तिथलेच. आपल्याकडे को ८६०३२ चे नाव जसे तोंडात बसले आहे, तसे तिकडे या वाणांचे.

पण नुसत्या भातावर तिकडे आता फार थोडी घरे चालतात. कारखानदारी तिथे फार आधी आली. खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ सालचे. पुढे पोलादाचे, रसायनांचे कारखाने आले. मग द्रुतगती मार्ग झाला, खालापूरला टोलनाका आणि खाण्यापिण्याची मोठी दुकाने आली, २०१३ साली इमॅजिका हे करमणुकीचे उद्यान उघडले, आणि मुंबईकरांना शेतघरांची हौस लागली. जमिनी विकल्या गेल्या. जमीन गेली की माणूस दुसऱ्याची वस्तू विकायला लागतो, हे मी तिथे उघड्या डोळ्यांनी पाहिले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या घरात गेल्यावर भाताच्या राशीची गोष्ट निघायची, त्या घरात आज कुणी हॉटेलच्या काउंटरवर आहे, कुणी मोबाईलच्या दुकानात, कुणी प्लॉट दाखवतो.

विक्रीची अक्कल त्या भागाला काही कमी नाही. कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, कारण घाट चढायला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्या थोड्या मिनिटांत वडे विकले जातात. दिवाडकरांच्या वड्याचे नाव तर आपल्यातल्या पुष्कळांनी चाखलेले आहे. कधी उतरून तो विकणारा माणूस बघा. सुट्टे पैसे त्याच्या मुठीत आधीच मोजलेले असतात. ज्या खिडकीत लहान पोर आहे तिथे तो आधी जातो. गाडी हलली तरी पैसे बुडत नाहीत आणि माल परत येत नाही. हे त्याला कुठल्या शाळेने शिकवले? त्याच्या आधीच्या विक्याने. पावसाळ्यात रस्त्याकडेला रानभाजीच्या जुड्या मांडून बसणाऱ्या ठाकर-कातकरी बायकासुद्धा आईच्या शेजारी बसूनच शिकल्या. शिकवणारा हवा, एवढाच त्यातला मुद्दा. आजच्या पोराला मोठ्या दुकानात किंवा कंपनीच्या मालावर काम करायचे तर त्याच्या शेजारी कोण बसणार?

एकाची बॅग, दुसरीचा करार

बहिणीच्या चुलत दिराचा मुलगा बारावी कॉमर्स झाला. 'मार्केटिंगमध्ये करिअर, ट्रेनिंग मोफत' अशी जाहिरात वाचून एका फर्मकडे गेला. फर्मचे नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तशा पुष्कळ असतात. ट्रेनिंग मोफत, पण मालाच्या बॅगेसाठी अनामत भरून घेतली. ट्रेनिंग म्हणजे सकाळी अर्धा तास टाळ्या वाजवून घोषणा. मग लोकलने बदलापूर, कधी पनवेल, दारोदार घरगुती वस्तू. विकले तर टक्का, नाही विकले तर काही नाही. गाडीभाडे आणि दुपारचे खाणे आपल्या खिशातून. सात महिन्यांनी तो घरी बसला तेव्हा त्याला बिल करता येत नव्हते, मालाचा साठा लिहिता येत नव्हता, की कोणत्या दुकानदाराला किती उधारी द्यावी हे कळत नव्हते. अनामत गेली ती गेलीच. त्याहून वाईट म्हणजे 'आपल्याला विक्री जमत नाही' हे त्याच्या मनाने घेतले. मला विचाराल तर त्याला कुणी विक्री शिकवलीच नव्हती.

त्याच वाडीतली एक मुलगी, तीही बारावी, पनवेलच्या एका मोठ्या दुकानात वर्षाच्या करारावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. रोज एस.टी.ने जाऊन-येऊन. पहिला महिना तिला गिऱ्हाइकाशी बोलूच दिले नाही. माल मोजायचा, फळीवर लावायचा, मुदत आधी संपणारा माल पुढे आणि नवा मागे. मग बिलाचे यंत्र. मग परत आलेल्या मालाची नोंद. मग एका जुन्या बाईंच्या हाताखाली काउंटर. चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे तिने त्या बाईंकडून उचलले. वर्षाअखेर परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले. आज ती दुसऱ्या दुकानात कायम नोकरीला आहे. तिच्या आईने मला हे सांगितले तेव्हा तो पोरगा तिथेच ओसरीवर बसला होता. मग मी त्या कायद्याची माहिती काढायच्या मागे लागलो.

बेणेमळ्याला वजनकाटा नाही

कायदा जुना आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१. आरंभी तो कारखान्यातल्या कारागिरीपुरता होता. १९७३ साली त्यात पदवी-पदविकेचे इंजिनिअर आले, पुढे २०१४ च्या दुरुस्तीने यंत्राबाहेरचे व्यवसाय आणि इतर शाखांचे पदवीधरही आले. दुकानातली विक्री, काउंटर, माल वितरण असले धंदे आता या उमेदवारीत बसतात. त्यांचा अभ्यासक्रम किरकोळ विक्री क्षेत्राची कौशल्य परिषद ठरवते. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकते.

विद्यावेतनाचे किमान आकडे २०१९ च्या नियमांत दिले आहेत. दहावीच्या आत शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावीला ६,०००, बारावीला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी किमान दरात १० टक्के, तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हे आकडे वेळोवेळी वाढवले जातात, म्हणून सही करताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. २०१६ साली केंद्राने जी प्रोत्साहन योजना काढली, तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते. २०२३ पासून हा सरकारी हिस्सा उमेदवाराच्याच बँक खात्यात जमा होऊ लागला.

पण माझ्या मते या कायद्यातले मोलाचे कलम १३ वे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की शिकाऊ उमेदवाराला नगावर मोबदला देता येणार नाही, आणि उत्पादनाच्या बोनसमध्ये किंवा तसल्या प्रोत्साहन योजनेत भाग घेण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. विक्रीच्या भाषेत याचा अर्थ असा की शिकणाऱ्या पोराला 'विकशील तर देऊ' म्हणता येत नाही. त्याने त्या महिन्यात एक वस्तू विकली काय किंवा शंभर विकल्या काय, ठरलेले विद्यावेतन द्यावेच लागते.

हे असे का, ते आपल्याला सांगायला नको. आपण बेणेमळा करतो. व्ही.एस.आय. कडून मूलभूत बेणे आणतो, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. त्या मळ्यातला ऊस आपण गाळपाला धाडतो का? एकरी किती टन गेला म्हणून त्याचा हिशोब मांडतो का? नऊ-दहा महिन्यांचे कोवळे बेणे तोडतो, कारण तो मळा साखरेसाठी नाहीच, पुढच्या लावणीसाठी आहे. शिकणाऱ्या पोराचे तसेच आहे. पहिल्याच महिन्यात त्याला वजनकाट्यावर चढवले की तो शिकत नाही, नुसता धावतो. दुसरे उदाहरण फडातले. तोडकऱ्याची मजुरी टनावर असते. टनावर मजुरी घेणारा माणूस नव्या पोराला कोयता जमिनीलगत कसा चालवायचा हे शांतपणे दाखवत बसेल का? त्याला वेळ नसतो, आणि त्याचा दोषही नसतो. म्हणून तर बुडखे उंच राहतात आणि खोडवा बिघडतो.

कमिशन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तयार झालेल्या विक्रेत्याने कमिशनवर खुशाल कमवावे. कर्जतकडे जमिनीचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटांत एका सौद्यात वर्षाचा खर्च काढणारे आहेत. मात्र पहिले कमिशन आपल्या बापाच्या किंवा चुलत्याच्या सात-बारावर मिळवलेले आणि पुढची दोन वर्षे मोटारसायकलचे हप्ते थकलेले, असेही तिथे पाहिले. इमारती-प्लॉटच्या एजंटांना महारेराने २०२३ साली प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते बरेच झाले. शिकल्याशिवाय विकू नये ही गोष्ट सरकारलाही पटली म्हणायची.

इथे एक जुनी हकिगत आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगर चांगला असून भागले नाही, तो शेतकऱ्याला पटवून द्यावा लागला. ज्या मासिकाला आपण पुढे 'किर्लोस्कर' म्हणून ओळखले, ते १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने कारखान्याचे पत्र म्हणूनच निघाले होते. चांगल्या विक्रीत निम्मे काम शिकवण्याचे असते. दुकानात औषध देणारा पोरगा पीक न विचारता डबा काढून देतो तेव्हा काय होते, हे मी खात्यात राहून पुरेसे पाहिले आहे. ज्यांना गावात कृषी सेवा केंद्र काढायचे मनात आहे त्यांनी लक्षात ठेवावे की खते-औषधांच्या परवान्यासाठी आता ठरावीक शिक्षण लागते, आणि दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची एक वर्षाची 'देसी' पदविका आहे, आठवड्यातून एक दिवस वर्ग. त्याआधी एखाद्या मोठ्या दुकानात वर्षभर शिकाऊ म्हणून काढले तर स्वतःच्या भांडवलावर चुका करत शिकावे लागणार नाही.

सही करण्याआधी

कागद कसा ओळखायचा ते आता सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. करारावर मालकाचे नाव, शिकायचा धंदा, मुदत, विद्यावेतनाची रक्कम आणि नोंदणी क्रमांक असला पाहिजे. ही नोंदणी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर होते. मुलगा अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागते. म्हणजे वडिलांनी वाचूनच सही करायची. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे. उलट, उमेदवाराने करार आपल्या चुकीने मध्येच मोडला तर शिकवणीचा खर्च त्याच्याकडून मागता येतो, तेव्हा 'बघू, नाही आवडलं तर सोडू' म्हणून सही करू नये. आणि अनामत, किट, गणवेश अशा कोणत्याही नावाने तुमच्याकडून पैसे मागितले की तिथून उठावे. शिकणाऱ्याला पैसे मिळतात तिथे त्याच्याकडून पैसे मागायचे कारण काय?

दोन गोष्टी मनात ठेवून जा. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही, करारात तसे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या उमेदवारांना पुढे घेण्याचे धोरण काय, हे मालकाने ठरवायचे असते, ते आधी विचारावे. दुसरे, सात हजारांत मुंबई-पुण्याला खोली, खानावळ आणि जाणे-येणे बसत नाही. घरून एस.टी.ने जाता येईल असे ठिकाण धरा. कर्जत-खालापूरच्या मुलांना पनवेल जवळ म्हणून जमते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी मोठी दुकाने, ट्रॅक्टरच्या एजन्सी, कंपन्यांचे वितरक आहेतच. चारपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला मात्र हे लागू होत नाही. चार ते एकोणतीस माणसे असतील तर मालकाच्या मर्जीवर, आणि तीस किंवा त्याहून अधिक असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे २०१९ पासून बंधनकारक आहे.

राज्य सरकारने २०२४ साली आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही वेगळी. बारावीला ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, आधी सहा महिने, पुढे २०२५ साली मुदत वाढवून अकरा. तीही चांगली, पण दोन्हींची गल्लत करू नये.

तीस माणसांचा नियम वाचताना माझे लक्ष साहजिकच आपल्या कारखान्याकडे गेले. वर्कशॉपला फिटर, इलेक्ट्रिशियन शिकाऊ घेण्याची रीत साखर कारखान्यांत आहेच. पण विक्रीचा? आपण ऊस पिकवतो, गाळतो, साखर पोत्यात भरतो आणि निविदा काढतो. व्यापारी पोते उचलून नेतो. साखरेचा किमान विक्री दर सरकारने २०१८ साली किलोला २९ आणि २०१९ साली ३१ रुपये बांधला, तो बांधावा लागला याचे एक कारण असेही वाटते की गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत आपला माल नेणारा माणूस आपण कधी तयारच केला नाही. पाच किलोची पिशवी, कंपोस्ट, जैविक खते, हे सारे विकावे लागते, आपोआप खपत नाही. सभासदांचीच चार-पाच मुले-मुली वर्षभर विक्री खात्यात आणि भांडारात शिकाऊ म्हणून घेता येतील का, असा विषय मी शेतकी समितीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. होईल की नाही हे संचालक मंडळाच्या हातात आहे. आपल्यापैकी कोणाला तो योग्य वाटत असेल तर आपापल्या गटाच्या संचालकांच्या कानावर घालावा.

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागू नये, पण लिहितो. कित्येक घरांतून 'दुकानात पोरगी उभी राहणार का' असा प्रश्न मला ऐकू येतो. पनवेलची ती मुलगी उभी राहिली. घरचे लोक दोन दिवस सोबत गेले, दुकान पाहिले, सुटण्याची वेळ आणि शेवटची एस.टी. पाहिली, मग सही केली. तसे करावे.

ज्यांच्याकडे असा करार आला असेल किंवा जाहिरात वाचून मनात शंका असेल, त्यांनी गट कार्यालयात यावे. हंगामात माझा गुरुवार सकाळचा वेळ तिथे असतो. आधार कार्ड, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँकेचे पासबुक नोंदणीसाठी लागते, ते मुलाच्या स्वतःच्या नावाचे असावे, वडिलांच्या नव्हे. कराराची नक्कल आणावी, मूळ कागद घरी ठेवावा.